आबांचा चौथीचा दाखला

आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, सालदारांचं नवं साल सुरू होतं, झाडांना झोके चढतात. अलीकडे बारावीचं पोर असलेल्या घरात त्या दिवशी आणखी एक गोष्ट होते. कुणीतरी मोबाइल कानाला लावून अंगणाच्या कडेला जातं आणि ‘साहेब, उद्यापर्यंत थांबा’ अशी विनवणी करून परत येतं.

२०२४ साली आखाजी १० मेला आली होती. पारोळ्याजवळच्या एका गावात आबांच्या घरी पितरांची घागर भरून झाली होती, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला होता. थोरला मुलगा, ज्याला घरात भाऊ म्हणतात, जळगावहून आलेला. गोलाणी मार्केटमध्ये त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. धाकटा, नाना, धुळ्याहून, एसटीत कंडक्टर. दोघांच्या मुली एका वयाच्या, दोघी बारावी सायन्सच्या, दोघींनी इंजिनिअरिंगची सीईटी दिलेली. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. एक जळगाववाली, एक धुळेवाली. मीही तसंच म्हणेन. या गोष्टीतली माणसं रचलेली आहेत. तारखा आणि नियम मात्र त्या वर्षीचे खरे आहेत, आणि गोष्ट त्यांच्यासाठीच सांगायची आहे.

फोन पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून होता. कॉम्प्युटर शाखेच्या थोड्याच जागा उरल्यात, आज पन्नास हजार भरले तर सीट पक्की, पुढच्या टप्प्यात फी वाढेल.

“भरून टाकतो,” भाऊ म्हणाला. “निकाल लागेपर्यंत थांबलो आणि जागा गेली तर?”

जळगाववाली खाली मान घालून बसली होती. तिचा गणिताचा पेपर बरा गेला नव्हता. तिनं घरात ते फक्त आईला सांगितलं होतं आणि आईनं भाऊला. बाप पैसे भरायला उठला होता तो या भीतीनं. अशा बापाला उतावळा म्हणणं फार सोपं आहे. मुलीचं वर्ष वाया जाईल या विचारानं ज्याची झोप उडाली आहे, त्यालाच ते ठाऊक.

आबा खाटेवरून म्हणाले, “जागा किती उरल्या, हे तुला दाखवलं का नुसतं सांगितलं?”

“सांगितलं.”

“मे महिन्यात लावलेला कापूस पाहिलास ना? पहिले आम्ही म्हणायचो, जो आधी लावील त्याचा आधी घरात येईल. आता बोंडअळी त्याच शेतात पहिली मुक्कामाला येते. कृषी खातं १ जूनच्या आधी लावू नका म्हणून सांगत फिरतं. सगळ्याच वावरांत आधी गेलेला पुढं राहतो असं नाही.”

भाऊला ते पटलं नाही. कापसाचं गणित कापसाला, असं तो म्हणाला, आणि त्यात तथ्य होतं. त्याला उत्तर दिलं ते आक्कानं.

आक्का म्हणजे आबांची मोठी लेक. अमळनेरच्या एका शाळेत शिक्षिका. ती कॉलेजात गेली तेव्हा खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, एखाद्या कागदासाठी पुण्याची गाडी पकडावी लागे. १९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, ज्याला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे, आणि तो त्रास कमी झाला. पण लांबच्या ऑफिसातल्या एका तारखेवर घरादाराचं भवितव्य टांगलेलं असणं म्हणजे काय, हे तिनं पाहिलेलं होतं. पोरांचे अर्ज भरून देण्यात तिचे कितीतरी उन्हाळे गेले आहेत.

“भाऊ, रांगा दोन तऱ्हेच्या असतात,” ती म्हणाली. “एक गुणांची. सीईटी सेलची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, ती. तिथं पहिल्या दिवशी अर्ज भर नाहीतर शेवटच्या दिवशी, यादीत नंबर पर्सेंटाइलनंच लागणार. दुसरी रांग येईल त्याची. खासगी विद्यापीठं, कॉलेजनं स्वतः भरायच्या उरलेल्या जागा, तिथं बहुधा आला त्याला दिली, वर्ग भरला की दार बंद. तिथं उशीर खरंच नडतो. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते आधी पाहा. तुला भीती एका रांगेची आहे आणि धावतोयस दुसऱ्या रांगेत.”

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत ही दुसरी रांग वर्षानुवर्षं चालत आली आहे. अर्ज येईल तसा वाचतात, चांगला वाटला तर काही आठवड्यांत कळवतात. तिथं शरद ऋतूत अर्ज करणाऱ्याला वसंतात करणाऱ्यापेक्षा मोकळी वाट मिळते, वसतिगृहाची खोली आणि शिष्यवृत्तीही हाती लागायची शक्यता जास्त. पण तिथं पूर्वापार एक सोय आहे: जागा लवकर मिळाली तरी बहुतेक ठिकाणी पैसे भरून ‘हो’ म्हणायला १ मेपर्यंत अवधी असतो. अर्ज लवकर आणि निर्णय सावकाश, अशी ती रीत. आपल्याकडे फोनवरचा माणूस अर्ज, निर्णय आणि पैसे एकाच दुपारी मागतो.

“मग भरू नको म्हणतेस?”

“तसं नाही म्हणत. भरायचेच असतील तर प्रवेश रद्द केल्यावर किती परत मिळतात ते आधी मेलवर लिहून घे. आणि मूळ गुणपत्रिका, दाखले देऊ नकोस, झेरॉक्स दे. मूळ कागद ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीचा तसा नियम आहे.” मग ती पुतणीकडे वळली. “पोरी, कागद तयार शेतस का?”

ती ठेवणीतलं मराठी सोडून अहिराणीत विचारते तेव्हा प्रश्न खरा असतो. जळगाववालीनं बापाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, “कसले कागद? कॉलेज लागलं की काढू.”

तेव्हा नाना आत गेला आणि प्लास्टिकची फाइल घेऊन आला.

त्या फाइलची कथा अशी. धुळेवाली अकरावीला गेली तेव्हा तिच्या कॉलेजच्या बोर्डावर जात पडताळणीची सूचना लागली होती. नानानं ती वाचली, कारण कंडक्टरला बोर्ड वाचायची सवय असते. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. घराणं तेव्हा राज्यात राहत होतं आणि जात तीच होती, हे दाखवणारा. सातबाऱ्यावर जात नसते. पणजोबा शाळेत गेले नव्हते. उरले आबा, आणि आबा चौथी शिकलेले.

नानानं सुट्टीच्या दिवशी गावची जिल्हा परिषद शाळा गाठली. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढलं, कडा उंदरांनी खाल्लेलं. त्यात १९५६ साली बोरूच्या वळणदार अक्षरात आबांचं नाव होतं, बापाचं नाव होतं, जात होती, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: शेतकाम. चौथीनंतर आबांना गुरांमागं धाडलं होतं. आयुष्यभर त्यांनी ‘आपलं काय, चौथी’ असं म्हणून तो विषय बाजूला सारला. त्या चार वर्षांची एक ओळ आता नातीच्या इंजिनिअरिंगच्या दारापाशी उभी होती. उतारा हातात आला तेव्हा आबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि गुरुजींचं नाव सांगितलं.

त्या ओळीवर जातीचा दाखला निघाला. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज, त्रुटी, पुन्हा कागद, आणि बारावीच्या दिवाळीपर्यंत वैधता प्रमाणपत्र. सगळं एकाच वेळी काढायला गेला असता तर नानाच्या रजा पुरल्या नसत्या. दोन शैक्षणिक वर्षांत पसरलं म्हणून जमलं.

भाऊनं त्या रात्री पैसे भरलेच. पण आक्कानं सांगितल्याप्रमाणे आधी मेल मागवला, पावती जपली, मूळ कागद दिले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी जळगावला जाण्याआधी गावच्या शाळेतून आबांच्या नोंदीचा आणखी एक उतारा घेतला. माझ्या मते त्या आखाजीला त्यानं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते होतं.

यापुढं घटना भराभर घडल्या. बारावीचा निकाल २१ मेला लागला, सीईटीचा १६ जूनला. जळगाववालीला भीती होती तितकं वाईट झालं नव्हतं, पण नाव काढावं असंही नाही. जूनमध्ये यूजीसीनं जाहीर केलं की त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर हजार रुपयांपेक्षा जास्त कापायचे नाहीत. आणि ८ जुलैला राज्य सरकारचा निर्णय आला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ते निम्मं होतं. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला नाही, खासगी विद्यापीठाला नाही.

मे महिन्यात या सवलतीचा निर्णय निघालेला नव्हता. आक्कालाही ती मिळेलच असं ठाऊक नव्हतं. तिनं सबुरीनं घ्यायला सुचवलं ते यासाठी की निकाल, नियम, सवलती हे सगळं निर्णयाच्या जितकं जवळ येईल तितकं स्पष्ट होतं, आणि कागद तयार असलेल्यालाच थांबणं परवडतं. नुसतं थांबलेला आणि तयारीनं थांबलेला, दोघं बाहेरून सारखेच दिसतात. फरक जुलैत कळतो.

जुलैत धुळेवालीनं कॅपचा अर्ज पहिल्याच दिवसांत भरला. गुणांच्या रांगेत त्याचा काय फायदा, असं कुणी विचारील. फायदा असा झाला की ई-स्क्रुटिनीत अर्ज परत आला. तिचं नॉन-क्रीमिलेअर जुनं होतं. ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेलं हवं होतं. नाना सेतू केंद्रात गेला, नवं काढलं, अर्ज पुन्हा पाठवला. शेवटच्या दिवशी भरला असता तर त्या एका तारखेसाठी मुलगी खुल्या गटात गेली असती. नंबर लवकर लागत नाही हे खरं. चूक लवकर सापडते.

जळगाववालीचा दाखला जूनमध्ये निघाला. पडताळणीला वेळ कुठून आणायचा, या विचारानं भाऊ हबकला होता. तिथं चुलत बहिणीचं प्रमाणपत्र कामाला आलं. वडिलांकडच्या रक्तनात्यात एकाची वैधता झालेली असेल तर दुसऱ्याला समितीपुढं सगळं पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही. नातं सिद्ध करावं लागतं. अर्ज केल्याची पावती जोडून तिनं कॅप भरली आणि प्रमाणपत्र मुदतीच्या आत हातात आलं. एका भावानं दोन वर्षं आधी बोर्ड वाचला, त्याचा लाभ दुसऱ्याच्या मुलीला झाला.

ऑगस्टमध्ये जागा लागल्या. धुळेवालीला जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात. जळगाववालीला दुसऱ्या फेरीत, पांझरेच्या पलीकडे देवपूरमध्ये, धुळ्यात. दोघींच्या आया फोनवर हसल्या. एक काकाकडे राहायला गेली, दुसरी काकूकडे. वसतिगृहाचा खर्च दोन्ही घरांचा वाचला, शिक्षण शुल्क माफ झालं. बाकीचं शुल्क भरावं लागलं, पण ते कापसाच्या एका वेचणीत बसणारं होतं. पुण्याचे पन्नास हजार परत आले. मेल, पावती आणि यूजीसीचं पत्र जोडून पुन्हा पुन्हा विचारावं लागलं, तरी सप्टेंबर संपायच्या आत आले. भाऊनं भरलेले पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. तीन महिने घरात झोप लागली, ती त्या पावतीमुळं.

इथं गोष्ट संपली असती तर ती आबांच्या घराची झाली असती. पण आखाजीच्या दिवशी अंगणात आणखी एक बारावीचा मुलगा होता. लिंबाला झोका त्यानंच बांधला होता.

तो आबांच्या सालदाराचा मुलगा. भिल्ल समाजातला, कॉमर्सला, घरातला बारावीपर्यंत पोचलेला पहिला. त्याला बीसीए करायचं होतं. दिवसभर दोन मुलींच्या रांगांवर चर्चा झाली, आक्कानं सगळं समजावलं, आणि दोन हातांवर झाडाखाली उभ्या असलेल्या त्याला कुणी विचारलं नाही. आक्कानंही नाही. हे तिला पुढं फार लागलं.

गावातल्या मोठ्या पोरांनी त्याला सांगितलं होतं: बीसीएला काही नसतं, निकाल लागला की कॉलेजात जायचं, आधी जाईल त्याला सीट. आदल्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. गुणपत्रिका मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो गेला आणि खिडकीपुढं पहिला उभा राहिला. खिडकी उघडली. “सीईटी दिली का?”

२०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले होते आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी होती. अर्ज मार्च-एप्रिलमध्ये भरून झाले होते, परीक्षा मेअखेर होऊनही गेली होती. ज्या रांगेत तो पहिला उभा होता, ती रांग आता राहिलीच नव्हती.

तारखा सगळ्यांसाठी सारख्याच छापल्या जातात. त्या घरापर्यंत पोचतात मात्र कुणाच्या आत्याकडून, कुणाच्या कॉलेजच्या बोर्डावरून, कुणाच्या शेजाऱ्याकडून. ज्याच्या घरात अशी आत्या नाही तो आळशी नसतो, तो पहिल्या गाडीनं गेलेला असतो. त्याला उशीर झाला असं म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

तो घरी आला आणि कुणाला काही बोलला नाही. वखराला गेला. आबांच्याच ते लक्षात आलं. जूनअखेर त्यांनी आक्काला फोन लावला आणि पोराच्या हातात दिला. त्या वर्षी इतक्या जागा रिकाम्या राहणार हे दिसू लागलं होतं की सीईटी सेलनं याच अभ्यासक्रमांसाठी आणखी एक परीक्षा ठेवली, ऑगस्टमध्ये. आक्कानं त्याच रात्री त्याचा अर्ज भरला. तो परीक्षेला बसला, धुळ्यात बीसीएला लागला. पण जातीचा दाखलाच नव्हता. खुल्या गटातून प्रवेश, पूर्ण फी, शिष्यवृत्ती नाही. सालदारानं आबांकडून उचल घेतली. दोन मुलींची माफ झालेली फी आणि या पोराची उचल, दोन्ही एकाच वहीच्या पानावर आबांच्या हस्ताक्षरात आहेत, चौथीच्या हस्ताक्षरात.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. सालदाराची धाकटी मुलगी दहावीची परीक्षा देऊन बसलेली, तिला नर्सिंगला जायचं होतं. या वेळी आक्का आल्या आल्या तिच्यापाशी बसली. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा धरतात. शाळेच्या रजिस्टरात तिच्या आजोबांचं नाव नव्हतं. शाळेत गेलेलंच कुणी नव्हतं. मग नाना म्हणाला की जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत असते, गाव नमुना १४, जात लिहिलेली असते, आणि जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात.

जळगाववालीनं मोबाइलवर नकलेचा अर्ज लिहिला, सालदाराच्या मुलानं तो पारोळ्याला नेऊन दिला. वह्या मोडीत होत्या, वाचणारा माणूस धुळ्याहून आणावा लागला. खेपा झाल्या. आबा प्रत्येक खेपेला सोबत गेले, कारण गावातली जुनी नावं आणि कोण कुणाचा हे त्यांनाच सांगता येत होतं. नोंद सापडली ती मुलीच्या आजोबांच्या जन्माची, १९४३ सालची. तिच्यावर आधी दाखला निघाला आणि भावाला दुसऱ्या वर्षापासून शिष्यवृत्तीचा अर्ज भरता आला. मुलीनं अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्यावर पहिल्याच सत्रात कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज दिला. नर्सिंगची सीईटी तेव्हा दीड वर्षाहून जास्त लांब होती.